वाऱ्याची वाट पाहणारं शहर

परदेशी सहलींच्या जाहिराती आपण रोज वाचतो. त्या बहुधा आकड्यांत बोलतात. सात रात्री, आठ दिवस, तीन देश, पाच शहरं. मध्यमवर्गीय माणसाला हा हिशोब पटतोही. एवढे पैसे मोडायचेच, तर जास्तीत जास्त ठिकाणं पदरात पाडून घ्यावीत, असं त्याला वाटतं. मग पहाटे पाचला उठायचं, बसमध्ये बसायचं, उतरून फोटो काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचं. परत आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, ‘‘काय काय पाहिलंत?’’ आपण शहरांची नावं सांगतो. त्यापुढे सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

आज मी ज्या शहराबद्दल बोलणार आहे, तिथे हा हिशोब उलटा करून पाहावा. मलेशियातलं मलाक्का. तिथे लोक हे नाव ‘मलाका’ असं उच्चारतात. या एकाच गावी आठ-दहा दिवस मुक्काम करावा, रोज थोडंसं पाहावं आणि बेताच्या खर्चात परत यावं. ही केवळ माझी लहर नाही. मुक्काम करणं हाच या शहराचा पाया आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला सुमात्रा बेट, दुसऱ्या बाजूला मलाया द्वीपकल्प आणि मध्ये लांबलचक, चिंचोळी सामुद्रधुनी. भारताकडून चीनकडे जाणारी गलबतं इथून जात. ती शिडाची गलबतं. वारा नेईल तेव्हा जायचं, वारा आणील तेव्हा यायचं. नैर्ऋत्येचा मोसमी वारा भारताकडची जहाजं पूर्वेला ढकली, तर ईशान्येचा वारा त्यांना घरी परत आणी. चीनकडच्या जहाजांचं गणित याच्या नेमकं उलट. दोन्हीकडचे व्यापारी या सामुद्रधुनीत भेटत, मालाची अदलाबदल करत आणि आपापला वारा फिरेपर्यंत थांबत. हे थांबणं एक-दोन दिवसांचं नसे. महिनेच्या महिने मुक्काम पडे.

शब्दही या गोष्टीची साक्ष देतात. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. त्यातूनच आपला ‘मोसम’ आला, मलय भाषेतला ‘मुसिम’ आला आणि इंग्रजांचा ‘मान्सून’ही आला. फारसीतला ‘बंदर’ शब्द आपण जहाजांच्या धक्क्यासाठी वापरतो. मलय भाषेत ‘बंदर’ म्हणजे चक्क शहर! बाजाराला तिथे ‘पासार’ म्हणतात आणि साखरेला ‘गुला’. हा ‘गुला’ संस्कृत ‘गुड’ म्हणजे आपल्या गुळाचा भाऊ. तिथल्या ताडगुळाला ‘गुला मलाका’ असंच नाव आहे. पाटीवरचा शब्द वाचून रस्त्यात थबकायला झालं, तर समजावं की प्रवास नीट चालला आहे.

हे शहर इसवी सन १४०० च्या सुमारास परमेश्वर नावाच्या राजपुत्राने वसवलं. तो ज्या झाडाखाली विसावला होता, त्या झाडावरून गावाला नाव पडलं, अशी कथा आहे. ते झाड म्हणजे आवळा, संस्कृतातलं आमलक. पुढच्या शंभर वर्षांत इथे एवढे व्यापारी जमले, की सुलतानांनी त्यांच्यासाठी चार शाहबंदर म्हणजे बंदराचे अधिकारी नेमले. त्यांतला एक फक्त गुजरात्यांसाठी होता. टोमे पिरेश हा पोर्तुगीज औषधव्यापारी १५१२ मध्ये इथे आला आणि त्याने या बंदराची तपशीलवार नोंद करून ठेवली. इथे ८४ भाषा बोलल्या जातात, असं तो सांगतो. कैरो, एडन, होर्मुझपासून पेगू, जावा, चीनपर्यंतच्या लोकांची त्याने यादी दिली आहे. त्या यादीत चौल आणि दाभोळ ही आपली कोकणातली दोन बंदरंही आहेत. चौलच्या खाडीत आज शांतता असते; पण तिथला माणूस पाचशे वर्षांपूर्वी मलाक्काच्या बाजारात भाव करत उभा होता.

गोव्याशी तर या गावाचा फार जवळचा संबंध. अल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा कायमचा घेतला आणि वर्ष उलटायच्या आत, ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का जिंकलं. गोव्यात ज्यांच्या शवदर्शनाला आजही गर्दी लोटते, त्या सेंट फ्रान्सिस झेविअर यांचा देह १५५३ मध्ये काही महिने मलाक्काच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलेला होता. तिथूनच तो गोव्याला आणला गेला. पुढे १६४१ मध्ये डच आले, नंतर इंग्रज आले. पोर्तुगीजांचा भक्कम किल्ला इंग्रजांनी १८०७ च्या सुमारास सुरुंग लावून पाडला. त्याची फक्त एक वेस उरली आहे. एक दिवसाची सहल करणारे या वेशीशी फोटो काढतात, डचांच्या लाल इमारती पाहतात आणि संध्याकाळी क्वालालंपूरला किंवा सिंगापूरला निघून जातात. जेत्यांच्या खुणा पाहायला तेवढा वेळ पुरतो.

जे थांबले, त्यांच्या खुणा पाहायला मात्र आपल्यालाही थांबावं लागतं. वाऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसांनी इथे संसार थाटले. चिनी व्यापाऱ्यांच्या वंशजांना ‘बाबा-न्योन्या’ म्हणतात. त्यांच्या घरात देव चिनी, बायकांचा पोशाख मलय आणि स्वयंपाकात दोन्हींचं मिश्रण. तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज म्हणजे ‘चिट्टी’. हे लोक शिवभक्त हिंदू आहेत, मारिअम्मनची जत्रा भरवतात. पण घरात मलय बोलतात आणि तमिळ त्यांच्या ओठांवरून कधीच उतरली. पोर्तुगीजांचे वंशज ‘क्रिस्तांग’ समुद्राकाठच्या वस्तीत राहतात. जुन्या पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली काही घरांतून अजून बोलतात आणि जूनअखेर कोळ्यांच्या सेंट पीटरचा सण साजरा करतात. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेली ही माणसं नव्हेत. सकाळी भाजी घेताना, चहा पिताना भेटतात.

जुन्या गावात ‘जालान तुकांग एमास’ नावाचा रस्ता आहे. म्हणजे आपली सोनार आळी. शेजारी लोहारांचीही आळी आहे. या सोनार आळीत आणि तिला लागूनच्या रस्त्यावर, चालत पाच मिनिटांच्या टप्प्यात तीन प्रार्थनास्थळं आहेत. १७८१ मधलं विनायगर मूर्तीचं म्हणजे गणपतीचं देऊळ, १७४८ मध्ये हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी स्थापलेली काम्पुंग क्लिंग मशीद आणि सतराव्या शतकातलं चिनी मंदिर.

त्या मशिदीपाशी मी थोडा जास्त रेंगाळलो, हे कबूल करतो. मशीद म्हटली की घुमट हवा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती जरूर पाहावी. तिला घुमट नाही. एकावर एक चढवलेली उतरती छपरं आहेत, कारण तिथे पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळतो. मिनार चिनी पॅगोड्याच्या वळणाचा, खांब युरोपी थाटाचे, फरशा विलायती आणि लाकडी मिंबरावरच्या कोरीव कामात चिनी नि हिंदू कारागिरी दिसते. वजूच्या हौदावर बसलो, तेव्हा मला आमच्याकडच्या कौलारू मशिदी आठवल्या. धर्म एक असला तरी छप्पर त्या त्या गावच्या पावसाला विचारूनच घालावं लागतं.

आता व्यवहाराचं बोलू. मुंबईहून क्वालालंपूरला थेट विमानाने साधारण पाच तास लागतात. तिथल्या विमानतळावरून आणि शहराच्या मोठ्या बसस्थानकावरून मलाक्काच्या गाड्या सुटतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे, दोन-अडीच तासांत पोहोचता येतं. मलाक्काचं बसस्थानक जुन्या गावापासून जरा दूर पडतं, पण तिथून गावात यायला शहर बस मिळते. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येण्याची मुभा दिली आणि तिची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. मात्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज मोबाईलवर किंवा संगणकावर भरावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी खात्री करून घ्यावी.

या सगळ्यात मोठा खर्च विमानाचा. समजा, जाऊन-येऊन २४ हजार रुपये पडले. ३ दिवस राहिलात तर रोजचे ८ हजार त्यातच गेले. १२ दिवस राहिलात तर रोजचे २ हजार. गाव बदललं नाही की गाड्यांचा, सामान हलवण्याचा, घाईत मिळेल ते महाग खाण्याचा खर्च वाचतो. खोलीचे भाडेदेखील जास्त दिवसांसाठी उतरवून मागता येतं. जोंकर रस्त्यावरचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार भरतो. त्या तीन दिवशी गर्दी उसळते आणि खोल्यांचे भाव चढतात. म्हणून रविवारी रात्री किंवा सोमवारी पोहोचावं. एखादा शुक्रवार वाट्याला आला तर बाजार पाहून घ्यावा, बाकी दिवस गाव आपलंच असतं.

दिवसाचं वेळापत्रक तिथली हवाच ठरवते. विषुववृत्त जवळ असल्याने उकाडा बाराही महिने. सकाळी नदीकाठच्या फरसबंद वाटेने चालावं. नदीच्या वळणावर काम्पुंग मोर्तेन ही मलय वस्ती लागते. खांबांवर उचललेली लाकडी घरं, दारात फुलझाडं. मग कुठल्यातरी साध्या दुकानात कॉफी. दुपारी सरळ वामकुक्षी. दुपारनंतर बहुधा एक सर येऊन जाते. संध्याकाळी टेकडीवर चढून सामुद्रधुनी पाहावी. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. केळीच्या पानावर वाढणारी दक्षिणी खाणावळ मिळते, चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानंही असतात. चिनी दुकानात ‘शाकाहारी’ हा शब्द चिनी भाषेत लिहून दाखवला तर काम सोपं होतं. गुला मलाका, नारळाचं दूध आणि बर्फ घातलेलं ‘चेंडोल’ एकदा खाल्लंत, की दुपारच्या उन्हाची तक्रार करणार नाही.

आता थोडं काळजीचं बोलतो. जुलै २००८ मध्ये युनेस्कोने मलाक्का आणि जॉर्जटाऊन या दोन शहरांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कौतुक झालं, गर्दी वाढली. पण त्याआधीच एक बदल घडून गेला होता. जुन्या घरांच्या भाड्यावर असलेलं कायद्याचं नियंत्रण १९९९ च्या अखेरीस उठलं. मुंबईच्या जुन्या चाळींत वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. भाडी वाढली आणि पिढ्यान् पिढ्या राहणारे कारागीर, छोटे दुकानदार जुन्या गावातून बाहेर पडू लागले. त्यांच्या घरांत हॉटेलं आणि भेटवस्तूंची दुकानं आली. समुद्रसुद्धा लांब गेला. हीरेन रस्त्यावरच्या एका ओळीतल्या घरांची मागची दारं पूर्वी पाण्याकडे उघडत. भराव टाकून जमीन पुढे सरकवली गेली आणि किल्ल्याच्या वेशीसमोर आता समुद्राऐवजी बाजारसंकुलं दिसतात. क्रिस्तांग कोळ्यांच्या मासेमारीलाही या भरावांची झळ पोहोचली आहे.

घर राहतं, घरातला माणूस जातो. वारसा म्हणून भिंतीला रंग दिला जातो आणि ज्याच्यामुळे त्या भिंतीला अर्थ होता, तो गावाबाहेरच्या इमारतीत राहायला जातो. याला आपण पर्यटक अगदीच जबाबदार नाही असं नाही. तीन तासांसाठी येणाऱ्याला फोटो, चुंबक आणि आईस्क्रीम लागतं. त्याच्यासाठी तेवढीच दुकानं टिकतात. दहा दिवस राहणाऱ्याला दाढी करायची असते, चप्पल शिवून घ्यायची असते, कपडे धुवायचे असतात, रोजचा चहा लागतो. त्याचे पैसे थोडेच असतात, पण ते न्हाव्याकडे, मोच्याकडे, घरगुती खाणावळीकडे जातात. एका माणसाने शहर वाचत नाही, हे खरं. पण आपल्या थोड्या पैशांनी कोणता धंदा जगवायचा, एवढं ठरवणं आपल्या हाती असतं.

दहा दिवसांची रजा सगळ्यांना मिळत नाही, मुलांच्या परीक्षा असतात, घरी म्हातारी माणसं असतात, हे मी जाणतो. नुकतेच निवृत्त झालेले, सुट्टी मिळणारे शिक्षक, मुलं मोठी झालेली जोडपी यांना मात्र हे सहज जमण्यासारखं आहे. पुढच्या सुट्टीचा बेत आखाल, तेव्हा ठिकाणांची यादी करण्याआधी हाताशी असलेले दिवस मोजा आणि ते सगळे एकाच गावाला देऊन पाहा. चौथ्या-पाचव्या दिवशी चहावाला न विचारता तुमचा कप पुढे ठेवील. चौल-दाभोळच्या त्या अनाम व्यापाऱ्यांची या शहराशी ओळख बहुधा अशीच सुरू झाली असेल.