अकालप्रसूती आणि प्रतिकारसंस्थेचे संकेत : एक विवेचन

प्रस्तावना :
गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी होणाऱ्या प्रसूतीस अकालप्रसूती असे म्हणतात. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अशी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती. संसर्ग व त्यातून उद्भवणारा दाह हे याचे एक प्रमुख कारण होय.

दाहाची प्रक्रिया :
नियत वेळेच्या प्रसूतीतही दाहाचा वाटा असतो. तोवर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशय शांत ठेवते. योनिमार्गातील जिवाणू गर्भाशयात शिरल्यास प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-६ सारखे संकेतरेणू स्रवतात. परिणामी प्रोस्टाग्लँडिन वाढते, गर्भाशयमुख मऊ होते, गर्भवेष्टन दुबळे होते आणि कळा सुरू होतात. यंत्रणा तीच, वेळ मात्र अवेळी.

महाराष्ट्रातील अभ्यास :
डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील दोन खेड्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले व त्यांतील निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. पुण्यात बिबवेवाडीनजीकच्या धनकवडी येथे भारती विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात दाहशामक ओमेगा-३ मेदाम्ले व अकालप्रसूती यांच्या संबंधाचा अभ्यास झाला आहे.

निष्कर्ष :
प्रत्येक दाहावरील उपचाराने धोका टळतोच असे नाही. हिरड्यांच्या उपचारांनी अकालप्रसूती घटली नाही, असे २००६ मधील अमेरिकन चाचणीत दिसले. तथापि लक्षणरहित मूत्रसंसर्ग साध्या तपासणीने ओळखून बरा करता येतो. म्हणूनच तक्रारीची वाट न पाहता, गर्भारपणाच्या आरंभीच तपासणी होणे अगत्याचे ठरते.