लोणारचा गुलाबी रंग आणि कॅमेऱ्याचे गणित

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. त्याची छायाचित्रे जगभर फिरली. पण चित्रातला रंग खरा किती?

फिल्मवर रंग रसायनांच्या थरांतून उमटतो. रीळ बनले की त्याचा स्वभाव ठरलेला. डिजिटल कॅमेऱ्यातला सेन्सर फक्त प्रकाश मोजतो. अंतिम छटा सॉफ्टवेअर ठरवते. म्हणून सिनेमाच्या कॅमेऱ्याला नवे अपडेट दिल्यावर त्याच पाण्याची छटा थोडी वेगळी दिसू शकते. मूळ ‘रॉ’ फाइल जपली, तर रंग पुन्हा तपासता येतो.

रंगाचे कारण मात्र चित्रातून कळत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ हे सूक्ष्मजीव आढळले. सरोवरातले बदल नोंदवायचे, तर मूळ फाइल आणि पाण्याचा नमुना दोन्ही हवेत.