बाबागाडी घेताना

संसारात काही वस्तू अशा असतात की, त्या विकत घेताना आपण एकाचा विचार करतो आणि वापरताना कष्ट मात्र दुसऱ्याच्या वाट्याला येतात. बाबागाडी ही त्यांपैकीच एक. ती बाळासाठी घेतली जाते हे खरे. पण बाळ तीत नुसते बसते किंवा निजते. ती ढकलायची, जिन्यावरून चढवायची, घडी घालून रिक्षात ठेवायची, हे सारे दुसऱ्याच कोणाला तरी करावे लागते. या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे आम्ही एकदा चुकीची गाडी घेतली आणि त्या चुकीची किंमत फार मोठी पडता पडता राहिली. तो अनुभव आणि त्यानंतर डोळसपणे केलेली दुसरी निवड वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘बाबागाडी’ हा शब्दही मोठा गमतीचा. साहेबाच्या अमदानीत बंगल्यातल्या लहान मुलाला नोकरचाकर ‘बाबा’ म्हणत. त्या बाबाची ही गाडी. आजच्या मुलांच्या लेखी ‘बाबा’ म्हणजे वडील. त्यामुळे आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने या शब्दाचा अर्थ ‘वडिलांची मोटारसायकल’ असा लिहिला होता आणि त्याला शून्य गुण देताना आमचा हात क्षणभर अडखळला होता. आपल्याकडे पूर्वीपासून होता तो पांगुळगाडा. पण त्याचे काम निराळे. उभे राहू लागलेले मूल तो गाडा स्वतः ढकलते आणि ढकलता ढकलता चालायला शिकते. बाबागाडीत मूल बसते आणि ढकलणारा दुसरा असतो. ‘हा दुसरा कोण?’ हाच गाडी निवडतानाचा पहिला प्रश्न असला पाहिजे, असे आता आमचे ठाम मत झाले आहे.

गाडीचा विषय निघाला की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “आम्ही चार-चार मुले कडेवर वाढवली. तेव्हा कुठे होत्या गाड्या?” हे म्हणणे खोटे नाही. पण तेव्हा घरात कडाही पुष्कळ होत्या. आईची कड अवघडली की आत्या होती, काकू होती, वाड्यातील शेजारीण होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपले ते वाडे आता बहुतेक उतरले आणि त्यांच्या जागी सदनिका आल्या. घरात माणसे चार. त्यांतली दोन-तीन नोकरीला जाणारी. राहिली ती आजी, आणि तिचे गुडघे तिचे ऐकत नाहीत. वर्षाचे निरोगी मूल नऊ-दहा किलोंचे असते. ते कडेवर घेऊन बाजारापर्यंत जाऊन येणे साठीच्या बाईला झेपणारे नाही. तेव्हा गाडी हा थाट नव्हे, ती गरज आहे.

या गाडीचा इतिहासही हेच सांगतो. १७३३ साली इंग्लंडात विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी एक गाडी तयार केली, तिला या वस्तूची आद्य गाडी मानतात. ती ढकलण्याची नव्हतीच. शेळीने किंवा लहानशा तट्टाने ओढण्याची होती. म्हणजे ओढणाऱ्याची काळजी करण्याचे कारणच नव्हते! पुढे माणसे गाडी ढकलू लागली, तरी गाड्या अवजडच राहिल्या. १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी योजली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा गृहस्थ. परदेशातून आलेल्या आपल्या लेकीची जड गाडी सांभाळताना होणारी तारांबळ पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्या गाडीचे वजन तीन किलोंहूनही कमी होते. नातवाची गाडी करताना या आजोबाने आधी पाहिले ते लेकीच्या हातांकडे.

आम्ही आजोबा झालो तेव्हा मात्र आम्हाला हे शहाणपण नव्हते. आमचे चिरंजीव आणि आम्ही दोघे दुकानात गेलो आणि दुकानातील सर्वांत देखणी गाडी घेऊन आलो. रुंद बैठक, मखमली अस्तर, समोर खुळखुळ्यांची माळ, कळ दाबली की गाणे. वजन तेरा किलो! आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्याच दिवशी गाडी वर चढवताना बापलेकांना दोनदा विसावा घ्यावा लागला. आठवड्याभराने ती जिन्याखाली सायकलींच्या शेजारी जाऊन बसली. घरातील दोन स्त्रियांपैकी एकीलाही ती एकटीने उचलता येत नव्हती आणि याची जाणीव आम्हा दोन पुरुषांपैकी एकालाही झाली नव्हती.

पुढचा प्रसंग लिहिताना आजही मन चरकते. नातू आठ महिन्यांचा होता. आमच्या सौ. त्याला गाडीत घालून गल्लीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळात गेल्या. देवळापुढचा रस्ता मुख्य रस्त्याकडे उतरत जातो. त्यांनी चपला काढल्या आणि गाडीचा ब्रेक पायाने दाबला. तो खटका इतका घट्ट होता की अनवाणी अंगठ्याने पुरता लागला नाही. दांड्याला भाजीची जड पिशवी अडकवलेली होती. सौ. तीर्थ घेण्यासाठी वळल्या आणि गाडी उताराला लागली. कोपऱ्यावरील भाजीवाल्याने आपली हातगाडी आडवी घातली, म्हणून ती मुख्य रस्त्याच्या दहा पावले अलीकडे थांबली. नातू हसत होता. सौ. मात्र त्या रात्री जेवल्या नाहीत आणि हे सारे त्यांनी आम्हाला सांगितले ते दोन दिवसांनी.

“ब्रेक लागत नाही, हे आधी का नाही सांगितलेत?” आम्ही विचारले.

“अहो, तो खटका मला पहिल्या दिवसापासून कधी लागलाच नाही. पण सांगितले असते, तर तुम्ही म्हणाला असता, जरा जोर लाव,” त्या म्हणाल्या.

आम्ही निरुत्तर झालो. कारण आम्ही खरोखरच तसे म्हटले असते.

दुसऱ्या वेळी सौ. आणि सूनबाई पुढे आणि आम्ही मागे, अशा क्रमाने दुकानात गेलो. पिशवीत दहा किलो पीठ बरोबर नेले होते. ते गाडीत ठेवून प्रत्येक गाडी दोघींनी चालवून पाहिली. रिकामी गाडी दुकानातील गुळगुळीत फरशीवर कोणतीही असो, लोण्यासारखी चालते. तिची परीक्षा ओझ्यासह आणि दुकानाबाहेरच्या रस्त्यावर घ्यावी. दुकानदार म्हणाला, “बाबूजी, ये तो एक हाथ से बंद होती है.” सूनबाई शांतपणे म्हणाली, “आप नहीं, मैं करके देखती हूँ.” चार गाड्यांपैकी एकच तिला एका हाताने मिटवता आली. दुसऱ्या हातात मूल असते, हे दुकानदाराला ठाऊक नसले तरी तिला ठाऊक होते.

या शोधात जे शिकायला मिळाले, ते क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट बाळाच्या वयाची. पहिले काही महिने बाळाची मान धरलेली नसते. अशा बाळाला तिरपे बसवले तर मान पुढे पडून श्वासाला अडथळा होऊ शकतो. म्हणून तान्ह्या बाळासाठी पाठ पूर्ण सपाट होणारी गाडीच हवी. छत्रीसारखी मिटणारी, केवळ बसण्याची हलकी गाडी ही मूल आधाराविना बसू लागल्यावरची, म्हणजे साधारणपणे सहा महिन्यांनंतरची. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अशक्त असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून गाडी घेऊ नये.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. पट्टा पाच बिंदूंचा असावा; दोन खांद्यांवर, दोन कमरेशी आणि एक पायांच्या मधून. नुसत्या कमरपट्ट्यातून चळवळे मूल खाली सरकते किंवा उभे राहते. आणि पट्टा असणे निराळे, लावणे निराळे. ‘कोपऱ्यापर्यंतच तर जायचे आहे’ म्हणून तो मोकळा सोडू नये.

तिसरी गोष्ट ब्रेकची. तिच्याबद्दल आम्हाला अधिक सांगायला नकोच. एकाच दाबात दोन्ही मागची चाके अडकवणारा ब्रेक उत्तम. जो माणूस गाडी नेणार, त्याने तो स्वतःच्या पायाने, चप्पल घालून आणि काढूनही, लावून पाहावा. उतारावर गाडी उभी करावी लागलीच, तर ब्रेक लावूनही ती आडवी धरावी आणि हात सोडू नये. दांड्याला पिशव्या अडकवू नयेत. मूल उचलताच पिशव्यांच्या भाराने गाडी मागे कलंडते आणि मूल आत असतानाही ती उलटू शकते. सामानासाठी बैठकीखाली जाळी असलेली गाडी घ्यावी.

चौथी गोष्ट चाकांची. आपल्या गावांतील रस्त्यांवर इवलीशी प्लॅस्टिकची चाके खड्ड्यात आणि गटाराच्या जाळीत अडकतात आणि गाडी पुढे पालथी होण्याची भीती असते. शहापूरची गल्ली असो की राजवाड्यामागचा बाजार, तेथे थोडी मोठी, रबरी चाके हवीत. बडोद्याच्या सयाजीबागेतील सपाट वाटांवरून फिरणाऱ्याला लहान चाकेही पुरतील. मात्र मोठ्या चाकांबरोबर वजन वाढते. जिना असलेल्या घराने वजनाकडे आधी पाहावे आणि तळमजल्यावर राहणाऱ्याने चाकांकडे.

पाचवी गोष्ट बोटांची. गाडी उघडताना व मिटताना मूल हाताच्या अंतरावर असू नये. २००९ साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीला सुमारे दहा लाख घडीच्या गाड्यांसाठी बिजागरीची आवरणे पुरवावी लागली. त्या बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तेथे नोंदल्या गेल्या होत्या. गाडी पूर्ण उघडल्यावर खटका पक्का बसल्याचा आवाज ऐकू येतो; तो ऐकल्याखेरीज मुलाला तीत ठेवू नये. नातेवाइकांची जुनी गाडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त तिचे हे खटके, पट्टे आणि ब्रेक नव्या गाडीइतक्याच काटेकोरपणे तपासावेत.

सहावी गोष्ट हवामानाची. ग्वाल्हेर-इंदूरकडील उन्हाळ्यात छत मोठे आणि पाठीला हवा लागेल असे जाळीचे कापड हवे. ऊन लागते म्हणून कित्येक जण गाडीवर दुपटे पसरून ती चहूबाजूंनी झाकतात. त्यामुळे आत हवा कोंडते, उष्मा वाढतो आणि बाळ दिसेनासे होते. त्यापेक्षा सकाळी लवकर किंवा दिवस उतरल्यावर बाहेर पडावे. बेळगाव आणि गोव्याच्या पावसात प्लॅस्टिकचे आवरण लागतेच. पण पाऊस थांबताच ते काढून टाकावे.

शेवटची गोष्ट आम्हाला भाषेचे शिक्षक म्हणून विशेष महत्त्वाची वाटते. काही गाड्यांत मुलाचे तोंड रस्त्याकडे असते, काहींत ढकलणाऱ्याकडे. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील सुझान झीडिक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, मूल समोरासमोर असताना पालक त्याच्याशी बोलत असण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांनी याचा अवश्य विचार करावा. आपल्या मुलाच्या कानांवर रस्त्यात हिंदी पडते, कानडी पडते, गुजराती किंवा तेलुगू पडते. त्या भाषा ते शिकेलच आणि शिकावेही. परंतु मराठी त्याला कोण देणार? शाळेत ती बहुधा नसते. ती आई, आजी आणि आजोबा यांच्या तोंडूनच यायची. गाडी ढकलतानाचा तो अर्धा तास मुलाचे डोळे आपल्या ओठांवर असतील, तर तो मराठीचा पहिला तास ठरतो. म्हणून आम्ही बैठक दोन्हीकडे फिरवता येणारी गाडी घेतली. ती पहिल्या गाडीहून साधी आहे. तिला गाणे येत नाही, आणि ते बरेच आहे. तीत ठेवल्यावर गाणे आपल्याला म्हणावे लागते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. गाडी ही मुलाची बैठक होऊ नये. मुलाला भुई हवी, रांगायला जागा हवी, मांडी हवी. चालू लागलेले मूल उतरायचा हट्ट करते, तेव्हा त्याला उतरवावे आणि रिकामी गाडी आपण ढकलावी. आणि दुकानदाराने बाबागाडीबरोबर चाकांचा, मूल आत बसवण्याचा ‘वॉकर’ गळ्यात मारू पाहिला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना पांगुळगाडा, कोणी मोठे माणूस शेजारी असताना, केव्हाही बरा.

हल्ली सूनबाई बँकेतून आली की गाडी एका हाताने खाली नेते आणि नातवाला घेऊन बागेत जाते. पूर्वी ती आमची किंवा चिरंजीवांची वाट पाहत घरात बसून राही. आम्हाला ते कधी जाणवलेही नव्हते. खिडकीतून आम्ही पाहतो, तेव्हा गल्ली संपेपर्यंत तिचे बोलणे चाललेले असते. “ही बघ गाय. हा बघ पिंपळ.” परवा नातवाने जिन्यातूनच आपल्या बोलीत जाहीर केले, “गाय नाई.” त्या दिवशी गल्लीत गाय आली नव्हती.

तेव्हा वाचकहो, बाबागाडी घ्यायला जाल, त्या दिवशी बाळाला घरी ठेवलेत तरी चालेल. पण जी ती रोज ढकलणार आहे, तिला बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. आणि ती एखाद्या गाडीकडे पाहून ‘ही नको’ म्हणाली, तर कारण न विचारता पुढच्या गाडीकडे वळा.