पाणी नसलेल्या टाक्यापाशी

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेस, लॉस एंजलिसपासून मोटारीने तीनएक तासांच्या वाटेवर, जोशुआ ट्री नावाचे जे राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या अंतर्भागात सुमारे ३,८०० फूट उंचीवर ‘व्हाइट टँक’ नावाचा मुक्कामाचा एक लहानसा सरकारी तळ आहे. या नावातील ‘टँक’ हा शब्द इंग्रजीने आपल्या ‘टाक्या’वरून, किंवा गुजरातीतील त्याच्या भावंडावरून, उचलला असावा असे कित्येक व्युत्पत्तिकारांचे मत आहे, आणि ज्याने सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर, चढणीने घसा कोरडा पडलेला असताना, खडकात खोदलेल्या टाक्यातले गार पाणी ओंजळीने प्यायले आहे, त्याला हे नाव ऐकून दिलासा वाटला तर नवल नाही. परंतु तो दिलासा फसवा आहे, कारण या तळावर पाण्याचा एकही नळ नाही. मागच्या शतकाच्या आरंभी इथे गुरे चारणाऱ्यांनी खडकांच्या बेचक्यात बांध घालून चुकार पावसाचे पाणी अडवले होते; पुढे गुरे गेली, टाके वाळूने बुजले, आणि नाव तेवढे उरले.

आपल्याकडच्या धर्मशाळेला निदान छप्पर असते. इथे तेही नाही. पंधरा जागा आखून दिलेल्या आहेत. प्रत्येक जागेस एक मेज, लोखंडी जाळीची एक चूल आणि मोटार उभी करण्यापुरती जमीन. सर्वांत मिळून खड्ड्याचे संडास. वीज नाही, खानसामा नाही, आणि जागा आगाऊ राखून ठेवण्याची पद्धतही माझ्या अनुभवात नव्हती, जो आधी येईल त्याची जागा. उद्यानाच्या वेशीवर मोटारीमागे प्रवेशशुल्क घेतात, त्यावर सात दिवस फिरता येते. तळाचे भाडे रात्रीस पंधरा-वीस डॉलरांच्या घरात, आणि एका जागेत सहा माणसांस मुभा असल्यामुळे माणशी जे पडते ते त्या देशाच्या मानाने किरकोळच. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता राखावी, अशी ताकीद मात्र आहे. ती पाळली जाते, हे मला विशेष वाटले.

पण या तळाचे खरे वैभव त्याच्या शेजाराचे आहे. ज्याची नजर सह्याद्रीच्या, लाव्ह्याच्या थरावर थर चढून झालेल्या काळ्या कातळाला सरावलेली आहे, त्याला इथले फिकट, दाणेदार, गोलसर धोंडे एकावर एक बसलेले पाहून प्रथम ते कोणी हाताने रचले असावेत असाच भास होतो. वस्तुतः भूगर्भात थंड झालेल्या शिलारसाचा हा ग्रॅनाइट. त्यात उभ्या-आडव्या चिरा पडल्या, आणि पर्जन्यमान आजच्याहून अधिक असलेल्या प्राचीन काळी त्या चिरांतून जमिनीखाली झिरपणाऱ्या पाण्याने प्रत्येक चौकोनी ठोकळ्याचे कोपरे कुरतडले. पुढे हवा कोरडी होत गेली, अवचित येणाऱ्या लोंढ्यांनी वरची माती वाहून नेली, आणि आतले धोंडे जागच्या जागी उघडे पडले. तळापासून थोड्या पावलांवर जी खडकाची कमान आहे, तीही झिजेचेच काम. ज्या भूमीत आज पेलाभर पाणी मिळत नाही, तिचे सारे शिल्प पाण्याने घडवलेले आहे!

चुलीसाठी लाकूड मात्र स्वतःचे न्यावे लागते. इथली वाळकी काटकीसुद्धा उचलण्यास मनाई आहे. हा नियम जाचक वाटतो खरा, पण त्यामागे इतिहास आहे. १९२०च्या सुमारास लोक बागा सजवण्यासाठी इथले निवडुंग मोटारी भरभरून नेत, आणि वाटेवर उजेड व्हावा म्हणून उभी जोशुआची झाडे पेटवून देत. साउथ पॅसाडेनाच्या मिनर्व्हा हॉइट या बागेच्या शौकीन बाईंनी या लुटीविरुद्ध वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९३६ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हा मुलूख राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. उद्यानाचा दर्जा १९९४चा.

आमची फजिती पाण्यानेच केली, आणि दोष सर्वस्वी आमचा. बरोबर आलेल्या माझ्या भाच्याने दोन कॅन भरून घेतले होते, ते पिण्यास पुरेसेही होते. पण आमच्यातील एकाने सवयीने तांदूळ तीनदा धुतले, दुसऱ्याने पिठल्याचे पातेले तासभर भिजत घातले, आणि सूर्यास्ताच्या वेळी, समोरचे डोंगर तांबूस होत असताना, आम्ही मोटार काढून ट्वेंटीनाइन पाम्सच्या रस्त्याला लागलो होतो. परतलो तेव्हा पूर्ण अंधार झालेला, थंडीने बोटे आखडलेली, आणि माथ्यावर आकाशगंगेचा पट्टा इतका स्पष्ट की भाचा दिवा लावायचेच विसरला. पश्चिमेच्या क्षितिजावर शहरांच्या दिव्यांची फिकी झाक होती, तेवढीच काय ती तक्रार.

उन्हाळ्यात तिकडे फिरकू नये. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ उत्तम, मात्र हिवाळ्यात रात्री पाणी गोठते हे ध्यानी धरावे. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी न्यावे असे उद्यानखाते सांगते. ते पिण्याचे समजा, आणि पिठल्याच्या पातेल्याचे निराळे मोजा.