व्होडाफोनच्या गावातून

न्यूबरी, इंग्लंड

प्रिय कोपरीकरांनो,

व्होडाफोनला धंदा जमला नाही म्हणून जिओने तिला लोळवलं, हे तिकडून येणाऱ्या प्रत्येक फोनवर ऐकतो. ते खरं नाही. ही कंपनी माझ्या या गावात वाढली. १ जानेवारी १९८५ला ब्रिटनमधली पहिली सेल्युलर मोबाइल सेवा तिने सुरू केली. धंदा तिला पुरेपूर कळतो. पण तो इथल्या गिऱ्हाइकावर बेतलेला.

इथे अनेकांचा फोन म्हणजे दोन वर्षांचा करार आणि वसंतात वाढणारं बिल. वाढ किती, ते नव्या करारात पौंड-पेन्समध्ये आधीच सांगा, असा नियम इथल्या दूरसंचार नियामकाने, ऑफकॉमने, जानेवारी २०२५पासून केला. वाढ थांबली नाहीच. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय इथे १९९९पासून. आपल्याकडे देशभर ती २०११ला आली. तरी शेजारच्या आजी वाढीव बिल मुकाट भरतात. "कंपनी बदला की!" म्हटलं, तर म्हणाल्या, "कोण ती कटकट करणार?" माझा जीव नुसता चडफडला.

आपल्याकडे कुणी ऐकून घेतलं असतं? आपल्या कोपरीत, ठाणे पूर्वेला स्टेशनबाहेर छत्रीखाली सिम विकणाऱ्या पोराकडे पाच-दहा रुपयांच्या फरकासाठी आपण कंपनी सोडायचो. फोन दोन सिमचा, शिवाय मिस्ड कॉल फुकटचा. २००७मध्ये हचिसनचा भारतातल्या मोबाइल धंद्यातला हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेणाऱ्या व्होडाफोनच्या वाट्याला हे गिऱ्हाईक आलं. या खरेदीवरच्या कराचा खटला ती २०१२ला सर्वोच्च न्यायालयात जिंकली, तर सरकारने मागच्या तारखेपासून कायदाच बदलला. पुढे सप्टेंबर २०१६मध्ये, खाडीपलीकडे घणसोलीत जिचं संकुल आहे ती जिओ, फुकट नेट घेऊन उतरली. टेलिनॉरने गाशा गुंडाळला. व्होडाफोन २०१८मध्ये आयडियाशी जोडली गेली. आज त्या कंपनीत सर्वांत मोठा हिस्सा भारत सरकारचा आहे, थकलेल्या देण्यांपोटी मिळालेला.

इथेही मे २०२५अखेर व्होडाफोन आणि हचिसनची थ्री एक झाल्या. चार मोठ्या कंपन्यांच्या तीन उरल्या. आजींना आता निवडही कमी.

आपली घासाघीस मला फार प्रिय आहे, पण तिला समोर दुकानं लागतात. जुलै २०२४मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी दोन दिवसांत दर वाढवले, तेव्हा जायला सरकारी कंपन्याच उरल्या. म्हणून परदेशी कंपनी हरल्याच्या टाळ्या पुरे. जास्त कंपन्या टिकाव्यात यासाठी खासदारांच्या मागे लागा, दूरसंचार नियामक ट्रायला पत्रं लिहा. भांडायची सवय आपल्याला आहे. ती यासाठी वापरा.