दुखतं कानात, दुखणं दाढेत!

दोन्ही करंगळ्या कानांच्या भोकांत अलगद ठेवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाच्या टोकाला काहीतरी सरकताना लागलं ना? तो तुमच्या जबड्याचा सांधा. दंतवैद्यही तो असाच तपासतात, कारण कानाची नळी आणि हा सांधा एकमेकांना अगदी खेटून आहेत. म्हणूनच ‘डॉक्टर, कान ठणकतोय’ म्हणत आलेल्या कित्येकांचा कान स्वच्छ निघतो आणि दोषी सापडते किडलेली दाढ, सुजलेला घसा किंवा हाच सांधा. कान, जबडा आणि चेहरा हे एकाच वाड्यातले बिऱ्हाडकरू. भांडं एकाकडे पडतं, दचकतो दुसराच!

हे नातं आहे तरी किती जुनं? कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडं असतात. त्यातलं सगळ्यात लहान, रिकिबीसारखं दिसणारं हाड जेमतेम ३ मिलिमीटरचं. अख्ख्या शरीरात त्याहून लहान हाड नाही. उरलेली दोन हाडं सरपटणाऱ्या प्राण्यांत चक्क जबड्याच्या सांध्यात असतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल रायशर्ट यांनी १८३७ मध्ये गर्भाच्या वाढीचा अभ्यास करून हे दाखवून दिलं. आपले फार फार जुने पूर्वज ज्या हाडांनी चावत होते, त्या हाडांनी आपण ऐकतो.

कानाच्या तक्रारींचं मूळ जबड्यात असू शकतं, हे १९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टन यांनी ठासून मांडलं. विशेष म्हणजे ते दातांचे नव्हे, कान-नाक-घशाचे डॉक्टर. दात पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि सांध्यामागच्या भागावर दाब येतो, हा त्यांचा खुलासा पुढे टिकला नाही. कानदुखीत जबडाही तपासायचा, ही सवय मात्र टिकली. तोंड उघडताना नुसतं ‘कट्’ वाजत असेल, दुखत नसेल, तर त्यावर उपचार लागत नाहीत. दुखत असेल तर बहुतेकांना मऊ जेवण, शेक, जबड्याला विश्रांती आणि रात्री दात खाण्याची सवय असल्यास दातांवर बसवायचा गार्ड, एवढ्यावर आराम पडतो. शस्त्रक्रियेपर्यंत फार थोडे पोचतात.

जांभई देताना जबडा निखळला आणि तोंड उघडंच राहिलं, तर काय करतात? डॉक्टर दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवतात, बाकीची बोटं हनुवटीखाली धरतात आणि जबडा खाली-मागे दाबून जागेवर बसवतात. जवळपास हीच कृती इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये लिहिलेली आहे, आणि तो पपायरस आहे इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा. साडेतीन हजार वर्षांत कृतीत भर पडली ती मुख्यतः हातमोज्यांची आणि भुलीच्या इंजेक्शनाची.

आता चेहऱ्याकडे. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतं, एक डोळा मिटत नाही, हसायला जावं तर तोंड वाकडं होतं. ‘वारं गेलं!’ म्हणून घरात धावपळ उडते. पुष्कळदा ही बेल्स पाल्सी असते. १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध मांडणारे स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल यांच्या नावावरून हे नाव पडलं. डॉक्टर आधी भुवया उंच करायला सांगतात. मेंदूच्या झटक्यात कपाळावर सहसा आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. बेल्स पाल्सीत त्या बाजूचं कपाळ गुळगुळीत राहतं. पण घरच्या घरी हा निवाडा करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. झटका असेल तर मिनिटामिनिटाला किंमत आहे, आणि बेल्स पाल्सीत ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या चांगला गुण देतात. न मिटणारा डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब घालतात आणि रात्री पट्टी लावतात. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो.

ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिचीच एक फांदी पडद्यामागून जाऊन जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेते. त्यामुळे तोंड वाकडं झालेल्या माणसाला कधी चव लागत नाही, तर कधी साध्या आवाजानेही कानठळ्या बसतात. कानाच्या ऑपरेशननंतर चहा बेचव लागल्याची तक्रार येते तीही याच फांदीपायी. चव कानातून जाते, हे खरोखर नवल आहे.

चेहऱ्याची दुसरी मोठी नस बिघडली की दुखण्याची तऱ्हाच वेगळी. वाऱ्याची झुळूक, दात घासणं, दाढीचं पातं, एवढ्यानेही गालात विजेचा झटका बसतो. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. दाढच दुखतेय असं वाटून अनेकांनी धडधाकट दात काढून घेतलेत! फिट्सवरचं कार्बामॅझेपिन हे औषध इथे लागू पडतं, हे १९६२ मध्ये समोर आलं. औषध पुरेनासं झालं तर नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा बसवतात. हो, तव्यावरचंच टेफ्लॉन.

कानाचं आणखी एक काम म्हणजे तोल सांभाळणं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आलं की कान धुताना पाणी गार असलं तर रुग्णाचे डोळे एका दिशेने फडफडतात आणि गरम असलं तर उलट दिशेने. यातून तोल तपासण्याची चाचणी निघाली आणि तोलाच्या या अभ्यासाला १९१४ चं नोबेल मिळालं. तेव्हा बारानी रशियात युद्धकैदी होते. कूस बदलताच घर गरगरतं, त्या चकरेचं कारण बहुधा कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून भलत्या नळीत शिरणं हे असतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी त्यावर बिनऔषधाचा इलाज काढला. रुग्णाला मान वळवून झटकन आडवं करायचं, थोडं थांबायचं, डोकं दुसऱ्या बाजूला फिरवायचं, मग कुशीवर वळवायचं आणि उठवून बसवायचं. कण मूळ जागी परततात आणि अनेकांची चक्कर एक-दोन बैठकींत थांबते.

आणि ही गोष्ट खास आपल्या पुण्याची. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये एका मराठा गाडीवानाचं चित्र छापून आलं. इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणाऱ्या या माणसाला टिपू सुलतानाच्या सैन्याने पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला होता. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक दिलं. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली, आणि तेवढी कातडी सोडवून, दोन भुवयांमध्ये जोडलेली ठेवून, खाली वळवून बसवली. चिकटवायला काय? पाण्यात कालवलेला कात, कापडाच्या पट्ट्यांवर लावून! सुमारे पंचविसाव्या दिवशी मधला सांधा कापला. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच रीत वापरली. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक आणि कानाची पाळी जोडण्याच्या रीती दिल्या आहेतच, पण पुण्याच्या त्या कारागिराचं नाव त्या मासिकाने छापलं नाही, ही हळहळ राहतेच.

काताने नाक चिकटवलं, पण विड्यात त्याच्या जोडीला बसणारी सुपारी जबडाच बांधून टाकते. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते, तिखट झोंबू लागतं आणि तोंड उघडेनासं होतं. टाळूचे स्नायू आखडले की घसा आणि कान जोडणारी नळी नीट उघडत नाही आणि काहींना ऐकूही कमी येतं. हा आजार कर्करोगाकडे नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी विशी-पंचविशीतली पोरं आजही दंत रुग्णालयांत घट्ट मिटलेली तोंडं घेऊन येतात. इंजेक्शनं, तोंड उघडण्याचे व्यायाम, शस्त्रक्रिया हे सगळं करता येतं, पण सुपारी सुटल्याशिवाय त्यातलं काहीच टिकत नाही.

आज एवढं करा. आपली मधली तीन बोटं जोडून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का बघा. बसत नसतील तर दंतवैद्याकडे जा. आणि घरात कुणी तंबाखू किंवा सुपारी खात असेल, त्याचा एकच कान दोन-तीन आठवडे दुखत असेल आणि कान तपासून स्वच्छ निघाला असेल, तर कानात थेंब घालत बसू नका. त्याची जीभ आणि घसा डॉक्टरांकडून तपासून घ्या.