लंडनदर्शनाची आखणी

लंडन शहर अफाट आहे. तीन दिवसांत ते सारे पाहू म्हणणाऱ्याच्या पदरी केवळ पायपीट पडते. म्हणून सुज्ञ प्रवासी आधी नकाशा पाहतो आणि जवळजवळची स्थळे एका दिवसात गुंफतो.

पहिला दिवस थेम्स नदीचा. काठावरचा अकराव्या शतकातील ‘टॉवर’ हा किल्ला पाहून बोटीने ग्रिनिच गाठावे. १८८४ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने शून्य रेखांश म्हणून मान्य केलेली रेषा तेथून जाते. भूगोलाच्या पुस्तकातील ती रेषा तेथे पायांखाली येते!

दुसरा दिवस ब्रिटिश संग्रहालयाचा. तेथील कायम दालनांना प्रवेशशुल्क नाही. परंतु दालने असंख्य. तेव्हा मोजक्याच वस्तू निवडाव्यात. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी ज्या रोझेटा शिलेमुळे उलगडली, ती पाहावी. आपल्या देशातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पेही पाहावीत.

तिसऱ्या दिवशी किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरी जावे. १९२१-२२ मध्ये विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर घेतले. आज ते स्मारक आहे.

बरेच काही पाहायचे राहील, राहू द्यावे. किती पाहिले यापेक्षा काय उमगले, यावरच प्रवासाचे सार्थक अवलंबून असते.